आक्काताईच्या घरातला मासा

आक्काताईच्या घरात मासा आहे हे बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून बाईनं वर्षभर काय काय सोंगं केली ती विचारू नका. पाहुणं आलं की मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. कुणी बुडबुड्यांचा आवाज ऐकलाच, तर "मोटार बिघडलीया" म्हणून सांगायचं. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलायला लागलं की जीभ कशी जड होते, तशी तिची व्हायची. त्यात बस्तीत त्या वर्षी मुनी महाराजांचा चातुर्मास. रोज सकाळी ती त्यांच्या प्रवचनाला जाऊन बसायची आणि मान वर करायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, मासा पाळला तर एवढं काय आभाळ कोसळलं? शोभेचे मासे चार जैन घरांत आहेत, गोळ्या खातात, गपगुमान फिरतात. पण हा गोळ्या खाणारा नव्हता. हा जिवंत किडे खायचा. म्हणजे एका जिवाच्या तोंडात रोज दुसरा जीव घालायचा, आणि तोही आक्काताईच्या छपराखाली.

ही बाई कशी होती ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात तवनाप्पा म्हणून शेतकरी होते, त्यांची ही थोरली. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, जाणूनबुजून मुंगीसुद्धा मारायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही, घरात ते होतंच. लग्न होऊन कोडोलीला आली. नवरा उसाला औषध मारायला निघाला की ही पंपात पाणी ओतून द्यायची नाही. विहिरीवर नुसती उभी राहायची. एकदा नवरा चिडून म्हणाला, "किड्यांची एवढी दया येती, मग ह्याच उसाची साखर कशी खातीस गं?"

तिनं साखर सोडली. चार दिवसांनी डोक्यात आलं, गूळ तरी कुठल्या उसाचा? गूळ सोडला. कोल्हापूर जिल्ह्यात राहून गूळ सोडलेली बाई. हट्ट म्हणतात तो असा. नवऱ्याला आपण बोललो त्याचं फार वाईट वाटलं, त्यानं हातापाया पडून बघितलं, पण नाही म्हणजे नाही. तो गेला तरी तिचा चहा बिनसाखरेचाच राहिला.

नात सोनल कॉलेजला कोल्हापुरात आली तेव्हा आक्काताई तिच्या सोबतीला आली. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक मागची. सोनल माशांचा अभ्यास करत होती. पुढं पुढं तर एकाच माशाचा. ब्लेनी त्याचं नाव. लांब कुठल्या तरी गार समुद्राच्या काठाला, खडकांच्या फटीत राहणारा, बोटभर लांबीचा. अंगावर खवले नाहीत, बुळबुळीत, ओठ जाड, डोळे वर आलेले आणि एक इकडं बघतोय तर दुसरा तिकडं. ओहोटी लागली आणि पाणी निघून गेलं, तरी ओल्या दगडाखाली तग धरून बसतो म्हणे. सोनलच्या सरांनी सरकारी परवानग्या काढून काढून आणवले होते. कॉलेजच्या तळघरातली प्रयोगशाळा पावसात गळायला लागली तेव्हा सोनल उरलेली जोडी टाकीसकट घरी घेऊन आली. पाणी गार ठेवायचं यंत्र आणि हवा सोडायचा पंपही आला.

"आणि खातो काय ह्यो?" आक्काताईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

सोनलनं खरं ते सांगितलं. त्यावरून घरात आठवडाभर अबोला. शेवटी तोडगा निघाला. किड्यांची बरणी मागच्या गॅलरीत राहील, आणि खायला घालायच्या वेळी आक्काताई पुढच्या खोलीत माळ घेऊन बसेल. बघायचं नाही, विचारायचं नाही. एवढ्या करारावर दोघींचं वर्ष निघालं.

मग मादीनं अंडी घातली आणि ती मरून गेली. राहिला नर. दगडाच्या कपारीत, छताला चिकटवल्यासारखी पिवळट अंडी, आणि खाली हा. अंगाचा रंग काळाभोर झालेला, ओठ तेवढे पांढरे. दिवसरात्र शेपटी हलवून, अंड्यांना हवा मिळावी म्हणून, त्यांच्यावर पाणी वारत राहायचा. आक्काताई तेव्हापासून टाकीपुढं बसायला लागली. अंड्यांना सोडून हा जागचा हलत नाही हे बघून बाईचा जीव त्याच्यात गुंतला, खोटं कशाला बोला. "बापमाणूस हाय," असं ती सोनलला म्हणाली. सोनलला मात्र वेगळी धाकधूक होती. ही अंडी फुटून पिल्लं निघाली तरच तिचा अभ्यास पुरा होणार होता. आधीच्या दोन्ही वेळा अंडी बुरशी लागून गेली होती आणि आता दुसरी मादी नव्हती. ही अंडी शेवटची.

पिल्लं निघायला थोडे दिवस राहिले असताना सोनल समुद्राचं पाणी आणायला टेम्पो घेऊन रत्नागिरीला गेली. सकाळी जाऊन रात्री परत यायचं, नेहमीचंच होतं. त्या दिवशी पावसानं जी झड धरली ती सोडेना. संध्याकाळी सोनलचा फोन आला, साखरप्यातून. आंबा घाटात दरड आली होती. रस्ता बंद.

"आज्जी, उद्या सुटेल म्हणतायत. तू काळजी करू नको. सकाळी ज्ञानू येईल, तो घालेल खायला."

ज्ञानू तिच्याबरोबर शिकणारा पोरगा, राहायला नदीपलीकडं. सकाळी पंचगंगेनं पुलाचा रस्ता गिळला होता. ज्ञानू तिकडं आणि मासा इकडं. दुपारपर्यंत जयंती नाल्याचं पाणी फुगून गल्लीत शिरलं आणि खालच्या पायरीला लागलं. वीज गेली. इन्व्हर्टरवर हवेचा पंप तेवढा चालत राहिला. पाणी गार करायचं यंत्र बंद पडलं, पण झडीचा गारठा होता म्हणून तेवढं निभावलं. फ्रीजमध्ये माशासाठी गोठवून ठेवलेला खाऊ होता, तो विरघळून त्याला वास सुटला.

बोटीवाले आले. "चला आज्जी, पाणी आजून चढणार हाय." गल्लीतली निम्मी माणसं गेली. आक्काताई गॅलरीत उभी राहून म्हणाली, "माझं माणूस हाय वर, त्याला सोडून न्हाय येत." बोटीवाल्याला वाटलं, कुणीतरी आजारी असेल. तो दुसऱ्या दिवशी येतो म्हणून पुढं गेला.

आणखी एक बाई थांबली होती, खालच्या मजल्यावरची बनाबाई कुंभार. गणपतीचा सीझन तोंडावर आलेला, आणि तिनं लेकासुनेला घेऊन सगळ्या कच्च्या मूर्ती जिन्यावर आणि वरच्या गच्चीच्या खोलीत चढवून ठेवल्या होत्या. जिन्यात प्रत्येक पायरीवर गणपती. वर-खाली करायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन. लेकासुनेला तिनं बोटीत घालून दिलं आणि स्वतः मूर्तींपाशी बसली. "हेन्ला सोडून जाऊ कुटं?" म्हणाली.

सोनलचा फोन आला. ज्ञानू आला नाही, खाऊ नासला, हे आक्काताईनं तिला सांगितलं. सोनल हळूच म्हणाली, "आज्जी, गॅलरीत बरणी आहे."

"त्ये मला सांगू नको."

"आज्जी, नुसतं चिमटीनं..."

"सोनल. मी न्हाय घालत. माझ्या हातानं न्हाय व्हायचं त्ये. एखादा उपास घडला तर काय मरत न्हाय त्यो. मी कितीक केल्यात."

फोन ठेवला खरा, पण उपाशी जीव समोर ठेवून स्वतः जेवायला तिला जमेना. आणि इथं बाईनं घोळ घातला. तिच्या जागी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं. तिनं मुगाची डाळ भिजवली, पाट्यावर बारीक वाटली, तिच्या तिळाएवढ्या गोळ्या केल्या आणि टाकीत सोडल्या. किडे खाणारा असला म्हणून काय झालं, भुकेला माणूस मिळेल ते खातो, तसा हाही खाईल. माशानं पुढं येऊन एक गोळी तोंडात घेतली आणि थुंकली. दुसरी घेतली, थुंकली. मग परत कपारीत गेला. गोळ्या मात्र विरघळल्या, आणि बघता बघता टाकीतलं पाणी ताकासारखं झालं.

थोड्या वेळानं मासा कपारीतून बाहेर आला आणि पाण्याच्या वर आलेल्या दगडावर चढून बसला. पाण्याबाहेर! तोंड उघडं, कल्ले हलतायत. अंड्यांवर पाणी वारायला आता कुणी नाही. आक्काताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सोनलला फोन लावला आणि मुगाची हकीकत सांगितली.

"आज्जी, काय केलंस हे!" सोनल ओरडली, आणि मग तिचा आवाज रडका झाला. "पाणी बदल. आत्ताच्या आत्ता. दाराआड निळा कॅन आहे, तेवढाच शिल्लक आहे. आधी गढूळ पाणी काढ, मग कॅनमधलं ओत, हळू."

सत्तरीतली बाई तांब्यानं टाकी उपसत बसली. पाठ धरली, हात भरून आले. शिल्लक पाणी ओतताना हाताच्या सवयीनं तिनं ते दुहेरी फडक्यातून गाळूनच घेतलं. दिवस मावळायच्या सुमारास पाणी निवळलं. मासा दगडावरून घसरला, खाली गेला, आणि शेपटी हलायला लागली. आक्काताई तिथंच फरशीवर बसून राहिली. आपण त्याला मारलाच होता, आणि तोही दया करून, हे तिच्या मनातून जाईना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तिचा.

सकाळी उजाडल्यावर ती आधी टाकीपाशी गेली. मासा जागेवर होता, पण अंड्यांच्या कडेला एक डाग मोकळा दिसला. काल तिथं अंडी होती, ती तिला पक्की आठवत होती. गळून पडली असतील म्हणून तिनं खाली वाळूत बघितलं. काही नव्हतं. सोनलचं भिंग घेऊन ती काचेला नाक लावून बसली. भिंगातून अंड्यांच्या आत टिपके दिसले, दोन दोन, चकाकणारे. ते डोळे होते. आत पिल्लं तयार होती आणि बघत होती. तेवढ्यात मासा वळला, पांढरे ओठ अंड्यांना लावले, आणि मागं सरला तेव्हा मोकळा डाग मोठा झाला होता.

तिनं सोनलला फोन लावला.

"खातोय तो, आज्जी," सोनल म्हणाली. "उपाशी राहिला की हा मासा असंच करतो. आधी थोडी खातो, म्हणजे बाकीची राखायला अंगात ताकद राहावी. तरी पोटात काही गेलं नाही, तर सगळी."

"त्येची सोत्ताची?"

"त्याची स्वतःची. आज्जी, मी तुला घाल म्हणत नाही. मला तुझं माहीत आहे. घाट आज सुटत नाही म्हणतायत, उद्याचं उद्या. माझं नशीब, दुसरं काय." आणि पोरीनं फोन ठेवला. तिनं हट्ट केला असता तर आक्काताईला सोपं गेलं असतं. हट्टाला हट्ट करायला बाई तयारच होती. पण पोरीनं सोडून दिलं, आणि सगळा भार आजीवर येऊन पडला.

बनाबाई वाफाळता चहा घेऊन, गणपती चुकवत चुकवत वर आली. आक्काताईचं तोंड बघून तिनं विचारलं, "काय वो आक्का, कोण गेलं का काय?"

आक्काताईनं सांगितलं. मासा, अंडी, बरणी, सगळं. वर्षभर दाबून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं.

बनाबाई म्हणाली, "आत्तिच्या! येवढंच व्हय? कुटं हाय बरणी? द्या हिकडं, मी घालतो. तुमी जावा पुढं, माळ वडत बसा. तुमच्या हातालाबी लागाय नको."

आक्काताई उठली. गॅलरीत जाऊन तिनं ती बरणी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. खारट पाण्यात काचेसारखे पारदर्शक किडे पोहत होते, नखाएवढे, असंख्य पाय हलवत. ती बरणी घेऊन आत आली आणि बनाबाईनं हात पुढं केला. आता नुसतं द्यायचं होतं. वर्षभर सोनलच्या बाबतीत तिनं तेच केलं होतं, दार लावून पुढच्या खोलीत बसली होती. पण गेल्याच आठवड्यात महाराज सांगत होते की स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, की करणाऱ्याला बरं म्हटलं, तिन्हीचं पाप सारखंच. तेव्हा मान खाली घालून ऐकलेलं आता तिच्या छातीवर येऊन बसलं. इतकी वर्षं तिनं काय राखलं होतं? हात तेवढे राखले होते. मारायचं काम नवऱ्यानं केलं, नातीनं केलं, आणि आता ही भोळी बाई तिच्या वाट्याचं उचलायला आली होती, चहाचा कप खाली ठेवून, हसत हसत.

"न्हाय बनाबाई," ती म्हणाली. "तुज्या माथी कशाला घालू?"

"आवो माझ्या माथी काय हुतंय? आमी खाणारी माणसं."

"तू तुजं खा. ह्ये माझं हाय."

तिला वाटलं होतं, टाकीपाशी गेल्यावर मन घट्ट होईल. झालं नाही. उलट जास्तच भ्याली. शाळेतल्यासारखं मनात मोजायलाही लागली, कुणाला किती इंद्रियं आणि त्यावरून कुणाचा जीव लहान, कुणाचा मोठा. मग स्वतःचाच राग आला. जीव म्हणजे काय भाजी आहे, मंडईत तागडीत घालायला? लहान म्हणून या किड्यांना मरायचं नव्हतंच. तिनं बरणीत हात घातला तर ते तिच्या बोटांभोवती पोहत होते, एक तर बोटाला चिकटून वर आला. त्याचे पाय तिच्या कातडीवर हलत होते. रडू आलं तिला.

मासा परत अंड्यांकडं वळला.

आक्काताईनं णमोकार मंत्र म्हटला नाही. असल्या कामाला देवाचं नाव घ्यायची तिला लाज वाटली. तिनं बरणीतले किडे हलक्या मुठीत घेतले, हात टाकीच्या पाण्यात घातला आणि बोटं मोकळी केली.

मासा दगड सोडून असा झेपावला की पाणी तिच्या तोंडावर उडालं. एक, मग दुसरा. बनाबाईनं पदर तोंडाला लावला. आक्काताईनं डोळे मिटले नाहीत. आपण घातलं ते आपण बघायचं, एवढं तरी करायचं, म्हणून ती शेवटचा किडा जाईपर्यंत बघत राहिली. पोट भरल्यावर मासा मागं सरला, कपारीत शिरला, आणि ओठ अंड्यांना न लावता त्यानं शेपटी हलवायला सुरुवात केली.

त्या दिवशी तिनं आणखी एकदा घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. स्वतः मात्र पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बनाबाईनं किती मिनत्या केल्या, पण ऐकेल ती आक्काताई कसली. बोटीवाला आला आणि परत गेला. पाणी बनाबाईच्या उंबऱ्याला लागून थांबलं आणि उतरायला लागलं.

घाट सुटला. सोनल चिखलानं माखून आली ती दारातूनच मागच्या खोलीत पळाली. कपारीत अंडी होती. निम्मी नाही म्हटली तरी बरीच. एक दिवस मध्ये गेला आणि पिल्लं निघाली, धाग्याच्या तुकड्यासारखी, नुसते डोळे आणि शेपटी. सोनल आजीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "तुझ्यामुळं, आज्जी. फक्त तुझ्यामुळं." आक्काताईला आनंद झाला. फार झाला. आणि त्या आनंदाचीच तिला धास्ती वाटली.

पूर ओसरल्यावर ती बस्तीत गेली. प्रवचन झालं, माणसं पांगली, तरी ही बसूनच होती. महाराजांनी हात वर करून विचारल्यासारखं केलं. तिनं पुढं जाऊन नमोस्तु केला आणि सगळं सांगितलं. टाकीपासून बरणीपर्यंत, काही झाकलं नाही. लावलेलं दारसुद्धा सांगितलं.

महाराजांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो?"

"किड्यांचं वाईट वाटतंय, महाराज. झोप लागत न्हाय."

"पुन्हा करणार नाही, असा नियम घेतेस?"

हा प्रश्न येणार हे तिला घरून निघतानाच माहीत होतं.

"न्हाय घेत," ती म्हणाली. "मासा हाय आजून. पिल्लं हायत. पोरगी परत कुटं अडकली तर मी परत घालणार."

"नियम घेतल्याशिवाय मला प्रायश्चित्त देता येत नाही, बाई. हे ओझं मग तुझ्यावरच राहणार."

"ठावं हाय, महाराज." तिनं पदर सावरला आणि उठायला हात टेकला. "ओझं उतरवाय न्हाय आलो. चातुर्मास लागल्यापासनं तुमच्याम्होरं मान खाली घालून बसतोय. आता वर करून बसावं म्हणून सांगाय आलो."